कॅमेऱ्याची बैठक
(ट्रायपॉडवरचा कॅमेरा का घसरतो आणि तो कसा थांबवावा)

छायाचित्र बिघडले की दोष बहुधा कॅमेऱ्याला दिला जातो, नाहीतर प्रकाशाला. कॅमेरा ज्या तीन पायांच्या घोडीवर बसवलेला असतो, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक ट्रायपॉड आपण घेतो तो कॅमेरा हलू नये म्हणून. तो कॅमेरा ट्रायपॉडवरच हळूहळू घसरत असेल, तर इतके ओझे खांद्यावर वाहून नेण्यात काय हशील? प्रस्तुत लेखात या घसरण्याची कारणे आणि ती थांबवण्याचे उपाय यांचा विचार करावयाचा आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याला या यंत्रविद्येशी काय कर्तव्य, असा प्रश्न काही वाचक विचारतील. त्याचे उत्तर आपल्या परिसरातच आहे. इस्लापूरजवळ पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा आहे. भूगोलाच्या विद्यार्थ्याला नदीने खडक कसा कोरला हे दाखवायचे असेल, तर त्या जागेचे चांगले छायाचित्र हवे. आपल्याच किनवट तालुक्यात उनकेश्वर आहे. ते गरम पाण्याच्या कुंडांमुळे सर्वांना ठाऊक असले तरी तेथील यादवकालीन शिलालेख फार थोड्यांना माहीत असतो. कंधारचा किल्ला, माहूरची लेणी, देगलूर तालुक्यातील होट्टलची मंदिरे ही सगळी इतिहासाच्या अभ्यासकाची साधने आहेत. दगडावरची अक्षरे ऊन-पावसाने दरवर्षी थोडी थोडी झिजतात. आज वाचता येणारे अक्षर आणखी पंचवीस वर्षांनी वाचता येईलच असे नाही. त्यामुळे आज घेतलेले स्पष्ट छायाचित्र हाच पुढच्या अभ्यासकाचा आधार ठरणार आहे. ते धूसर निघाले तर नुकसान केवळ आपले होत नाही.

किती घसरले म्हणजे बिघडले?

घसरणे म्हणजे कॅमेरा धाडकन खाली येणे, अशी आपली समजूत असते. परंतु खरा घात न दिसणाऱ्या घसरण्याने होतो. थोडा हिशेब करून पाहू. ५० मिलिमीटरचे साधे भिंग आणि ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट, म्हणजे ३६ मिलिमीटर रुंदी, घेऊ. कॅमेरा केवळ एका अंशाचा दहावा भाग कलला, तर चौकटीवरील प्रतिमा सुमारे ०.०९ मिलिमीटर सरकते. प्रतिमेतील ०.०३ मिलिमीटरपर्यंतचा पसारा डोळा चालवून घेतो, असा छायाचित्रकारांचा जुना संकेत आहे. म्हणजे इतक्याशा कलण्याने मर्यादा तिपटीने ओलांडली! त्याच आकाराच्या चौकटीच्या डिजिटल कॅमेऱ्यात रुंदीवर ६००० बिंदू असतील, तर प्रतिमा सुमारे १५ बिंदूंनी सरकलेली असेल. भिंग ३०० मिलिमीटरचे लावले की हेच सर्व सहापट होते.

भर उन्हात सेकंदाच्या पाचशेव्या भागात चित्र टिपले, तर या मंद घसरण्याचा उपद्रव होत नाही. पण धबधब्याचे पाणी रेशमासारखे दिसावे म्हणून अर्धा ते दोन सेकंद झडप उघडी ठेवली, किंवा मंदिराच्या अंधाऱ्या मंडपात आठ-दहा सेकंद ठेवली, तर तेवढ्या वेळातले घसरणे चित्रात उतरते. एकाच जागेवरून अनेक चित्रे घ्यायची असतील, तर मधल्या वेळातले घसरणेही मोजावे लागते.

फाळक्यांचा वाटाणा

या शेवटच्या प्रकाराचे उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले आणि त्यांनी विल्यमसन बनावटीचा चलच्चित्र कॅमेरा मागवला. ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याआधी त्यांनी एक छोटीशी फिल्म केली होती. कुंडीत वाटाणा पेरून, तिच्यासमोर कॅमेरा ठेवून, महिन्याहून अधिक काळ त्याच्या वाढीची चित्रे त्यांनी टिपली. पडद्यावर सुमारे एका मिनिटात बी फुटते, कोंब वर येतो आणि त्याचा वेल होतो. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ही फिल्म ओळखली जाते. भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून ती दाखवण्यात आली होती.

आता यातले अवघडपण ध्यानात घ्या. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रे धरली जात. त्या मानाने एका मिनिटाला ९६० चित्रे झाली. महिनाभरात ती विभागली तर रोजची ३२. हा आपला अंदाजी हिशेब आहे, पण तत्त्व त्यावरून कळते. पहिल्या दिवसाचे चित्र आणि तिसाव्या दिवसाचे चित्र यांत कुंडी एकाच जागी दिसली पाहिजे. कॅमेरा रोज केसभर जरी खाली बसला, तरी महिनाभराचे ते बसणे पडद्यावर एका मिनिटात उरकते, आणि मग वाटाणा वाढण्याऐवजी कुंडीच वर चढू लागते! शिवाय तो कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवायचा. नेहमीच्या चित्रीकरणात सेकंदाला सुमारे दोन फेरे, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला कॅमेऱ्याला एक हिसका. त्या काळचे चलच्चित्र कॅमेऱ्यांचे ट्रायपॉड जाड लाकडाचे आणि वजनदार असत, त्याचे कारण हेच.

आधी रोग ओळखावा

घसरण थांबवण्यासाठी बहुतेक जण एकच उपाय करतात. सापडेल तो स्क्रू जोर लावून आवळतात. दुखणे पायात आणि पट्टी डोक्याला, असा हा प्रकार होतो. ट्रायपॉडमध्ये घसरू शकणारे सांधे पाच असतात: (१) कॅमेऱ्याचा तळ आणि त्याखालची पट्टी, (२) पट्टी आणि ती ज्यात अडकते ते खोबण, (३) कॅमेरा वर-खाली, आडवा-उभा करणारे डोके, (४) मधला दांडा आणि पायांचे कप्पे, (५) पाय आणि जमीन. यांतला कोणता सांधा हलतो आहे हे कळल्याशिवाय उपाय करू नये.

ओळखण्याची युक्ती सोपी आहे. प्रत्येक सांध्यावर आडवी कागदी चिकटपट्टी लावावी, तिच्यावर पेन्सिलीने सरळ रेघ ओढावी आणि ब्लेडने पट्टी नेमकी सांध्यावर कापावी. मग कॅमेरा आपल्याला हवा तसा रोखून दहा-पंधरा मिनिटे तसाच सोडावा. ज्या सांध्यावरची रेघ मोडलेली दिसेल, तो दोषी. याला पैसा लागत नाही आणि अंदाजाने आवळाआवळ करण्यात मोडणाऱ्या वस्तूही वाचतात.

एका स्क्रूचे जाते

पहिला सांधा सर्वांत जास्त छळतो. बहुतेक कॅमेऱ्यांच्या तळाला पाव इंच व्यासाचे, इंचाला २० आटे असलेले भोक असते. मोठ्या उपकरणांना तीन अष्टमांश इंचाचे, १६ आट्यांचे असते. कॅमेरा या एकाच स्क्रूवर बसतो. जात्याची वरची तळी मधल्या खुंट्याभोवती जशी फिरते, तसा कॅमेराही या स्क्रूभोवती फिरू पाहतो. खुंटा तळीला बाजूला जाऊ देत नाही, पण फिरू मात्र देतो. म्हणून कॅमेऱ्याचे फिरणे अडवते ते स्क्रूच्या आवळण्याने पट्टी आणि तळ यांत निर्माण झालेले घर्षण.

समजा, कॅमेरा आणि भिंग मिळून दीड किलो वजन आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य स्क्रूच्या पुढे ५ सेंटीमीटर आहे. कॅमेरा आडवा असताना काही बिघडत नाही. पण उभे चित्र घेण्यासाठी डोके बाजूला कलवले की हे वजन स्क्रूभोवती पीळ देऊ लागते. त्याचे माप दीड गुणिले पाच, म्हणजे साडेसात किलो-सेंटीमीटर. पट्टीची पकड सरासरी २ सेंटीमीटर त्रिज्येवर होते असे मानू. रंगवलेल्या गुळगुळीत धातूचा घर्षणांक ०.२ धरला, तर कॅमेरा थोपवण्यासाठी स्क्रूला सुमारे १९ किलोचा दाब द्यावा लागेल. मध्ये रबर घालून घर्षणांक ०.६ केला, तर सव्वासहा किलो पुरतात. याचा अर्थ असा, की मनगटाचा जोर तिप्पट करण्यापेक्षा मधला पृष्ठभाग बदलणे शहाणपणाचे. फाजील आवळण्याने कॅमेऱ्याच्या तळातले आटे मरतात, आणि ते एकदा मेले की दुरुस्ती महाग पडते.

यावरून पुढील उपाय निघतात.

पहिला, सफाई. तळावर आणि पट्टीवर हाताचे तेल, धूळ, वाळू बसलेली असते. कोरड्या स्वच्छ फडक्याने दोन्ही पुसून घ्यावेत.

दुसरा, मधला थर. सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टीएवढा तुकडा कापून, मधोमध स्क्रूपुरते भोक पाडावे. ट्यूबमध्ये भुकटी असते, ती साबणाने धुऊन तुकडा वाळवावा, नाहीतर तीच भुकटी घसरायला मदत करते. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात गॅस्केटसाठी बुचाचा पातळ पत्रा मिळतो, तो याहून चांगला. थर मात्र एक-दीड मिलिमीटरचाच असावा. जाड, मऊ रबरावर कॅमेरा गादीवर बसल्यासारखा डुलतो. काम झाल्यावर रबर काढून ठेवावे, नाहीतर तळावर डाग पडतो.

तिसरा, स्क्रूची लांबी पाहणे. स्क्रू प्रमाणाबाहेर लांब असला तर तो भोकाच्या तळाला टेकतो. आपल्याला वाटते आवळला, पण पट्टी आणि कॅमेरा यांत फट राहिलेली असते. वहीच्या कागदाची पट्टी मधून सरकवून पाहावी. ती सहज गेली तर हाच दोष आहे. अशा वेळी आणखी आवळल्यास कॅमेऱ्याचा तळ फुटेल. मध्ये थर किंवा चकती घालून स्क्रूची लांबी कमी करावी.

चौथा, दुसरा आधार. जात्याच्या तळीला खुंट्याशिवाय आणखी एके ठिकाणी खीळ ठोकली तर ती फिरणारच नाही. म्हणूनच चलच्चित्र आणि व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या पट्टीला स्क्रूशेजारी एक छोटी खीळ असते आणि कॅमेऱ्याच्या तळात तिचे भोक असते. काही पट्ट्यांना मागच्या बाजूला उभा काठ असतो, तो कॅमेऱ्याच्या पाठीला टेकवून बसवला की तेच काम होते. घर्षण केव्हा ना केव्हा हार खाते. खीळ मोडल्याशिवाय हार खात नाही.

उजवे आणि डावे

उभे चित्र घेताना डोके कोणत्या बाजूला कलवावे, याचाही विचार करावा. कॅमेरा म्हणजे बाटलीचे झाकण आणि ट्रायपॉडचा स्क्रू म्हणजे बाटलीचे तोंड असे समजा. झाकण वरून पाहताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवले की घट्ट होते. आपण कॅमेऱ्यामागे उभे असलो, तर भिंग उजवीकडे वळणे ही घट्ट होण्याची दिशा आणि डावीकडे वळणे ही सैल होण्याची. आता डोके डावीकडे कलवले, तर कॅमेऱ्याची डावी बाजू खाली येते. जड भिंग वजनाने तिकडेच ओढले जाते आणि स्क्रू आपोआप ढिला होऊ लागतो. उजवीकडे कलवले तर तेच वजन स्क्रू आवळण्याच्या दिशेने काम करते. ज्यांचे डोके एकाच बाजूला कलते, त्यांनी सबंध डोके अर्धा फेरा फिरवून कॅमेरा उलट बाजूने बसवून पाहावा. दांडा पुढे येईल, थोडी गैरसोय होईल, पण चित्र स्थिर राहील. भिंगालाच ट्रायपॉडची स्वतंत्र कडी असेल, तर ती अवश्य वापरावी; तिने गुरुत्वमध्य आधारावर येतो आणि पीळ मुळातच कमी होतो.

डोके खाली झुकणे

तिसऱ्या सांध्याचे गणित वेगळे आहे. कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य डोक्याच्या आसापासून ८ सेंटीमीटर उंचीवर, बरोबर त्याच्या वर आहे असे समजू. कॅमेरा सपाट असताना पीळ शून्य. पुढे ३० अंश वाकवला की गुरुत्वमध्य आसापुढे ४ सेंटीमीटर जातो. ६० अंशांवर जवळजवळ ७ सेंटीमीटर. म्हणून सरळ समोर पाहताना निमूट राहणारा कॅमेरा जमिनीवरचे शिल्प किंवा टेबलावरची पोथी टिपताना मान टाकतो.

यावर उत्तम उपाय म्हणजे वाकवणेच कमी करणे. शिलालेख खाली असेल तर उंचावरून कॅमेरा वाकवण्याऐवजी पाय आखडून ट्रायपॉडच बुटका करावा. त्याने दुहेरी लाभ होतो: घसरण थांबते आणि अक्षरेही समोरासमोर, न वाकडी होता येतात. पट्टी पुढे-मागे सरकवता येत असेल, तर आवळण्यापूर्वी हात सोडून कॅमेरा जवळजवळ तोल धरतो का ते पाहावे. तोल आधी, आवळणे नंतर. आवळल्यावर बरीच डोकी किंचित खाली बसतात. त्यासाठी हात काढून थोडा वेळ थांबावे आणि चौकट पुन्हा तपासावी. घसरणाऱ्या डोक्यात शिवणयंत्राचे तेल घालण्याचा मोह टाळावा. पकड घर्षणाची आहे, तेल तिचा शत्रू. काही डोक्यांत निर्मात्यानेच विशिष्ट ग्रीस घातलेले असते, ते मात्र पुसून काढू नये. झूम भिंगाची नळी खाली रोखल्यावर आपोआप सरकते, तिला रुंद रबर बँड पुरतो.

पाय आणि जमीन

मधला दांडा शक्यतो वर काढू नये. तो जितका वर तितका डुलतो. पायांच्या कप्प्यांत वाळू गेली की ते धरत नाहीत, म्हणून नदीवरून आल्यावर पाय पुसून ठेवावेत. सपाट जागी एक पाय भिंगाच्या खाली पुढे ठेवावा आणि आपण मागच्या दोघांच्या मधे उभे राहावे. उतारावर दोन पाय उताराकडे आणि एक चढाकडे असावा. गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात. तिन्ही पाय खालच्या बाजूला सुतळीने त्रिकोणात बांधावेत. मधल्या दांड्याला दगडांची पिशवी अडकवण्याची पद्धत चांगली आहे, परंतु पिशवी जमिनीला किंचित टेकलेली असावी. लोंबकळणारी पिशवी वाऱ्याने झोके घेते आणि कॅमेऱ्यालाही झोके देते.

सहस्रकुंडाच्या काठचा काळा खडक पावसाळ्यात शेवाळाने निसरडा होतो. तेथे रबरी पायांचा भरवसा धरू नये. शेवाळ खरवडून, खाली गोणपाटाचा तुकडा टाकून मग पाय रोवावेत. माणसाच्या पायाचेही तेच. वरच्या अंगाला इसापूरचे धरण आहे. नदीत पाणी सोडल्याची सूचना असेल तेव्हा पात्राजवळ जाऊ नये.

शिलालेखासाठी एक पद्धत

आता हे सगळे एकत्र कामी येते ते पाहू. झिजलेले अक्षर समोरच्या प्रकाशात दिसत नाही. दिवा दगडाला लागून, तिरपा धरला की खोलगट भागात सावली भरते आणि अक्षर उठून येते. पण आडवी रेघ आडव्या प्रकाशात हरवते आणि उभी रेघ उभ्या प्रकाशात. म्हणून कॅमेरा न हलवता चार चित्रे घ्यावीत: दिवा डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून. चारही चित्रे एकमेकांवर ठेवून पाहिली, की कोरलेली रेघ कोणती, दगडाची नैसर्गिक चीर कोणती आणि टवका उडालेला भाग कोणता, याचा निवाडा पुष्कळ सोपा होतो. एखादा काना किंवा मात्रा चुकली तर नाव बदलते, गाव बदलते आणि इतिहासाचा अर्थही बदलतो. ही तुलना शक्य होते ती चारही चित्रांत प्रत्येक अक्षर त्याच जागी असेल तरच. फाळक्यांच्या कुंडीला लागू असलेला नियम येथेही तसाच लागू आहे.

अशा कामाला जाण्यापूर्वी संरक्षित वास्तूत ट्रायपॉड लावण्याची परवानगी घ्यावी. अक्षरांत खडू किंवा रंग भरून ती उठवण्याचा प्रकार कोणीही करू नये. दगडाला हात न लावता काम साधावे, यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

सारांश, घसरण जोराने थांबत नाही, समजुतीने थांबते. आधी कोणता सांधा हलतो ते पाहावे, मग वजन आधारावर आणावे, मग पृष्ठभाग स्वच्छ आणि खरखरीत करावा, जमल्यास दुसरी खीळ द्यावी आणि सर्वांत शेवटी, बेताने, स्क्रू आवळावा. यासाठी नवा महाग ट्रायपॉड घ्यायला हवा असे नाही. बुचाचा एक तुकडा, सुतळीचे एक बंडल, कागदी चिकटपट्टी आणि दहा मिनिटांचा धीर एवढे जवळ असले, तर विभागाच्या कपाटातला जुना ट्रायपॉडही पुढच्या सहलीत चोख काम देईल.